दळण चुकलं का भाजणी बदनाम

आज सकाळी हॉटेलात तुम्ही ज्या कपातून चहा प्यायलात, तो तुमच्या आधी कोणाच्या ओठाला लागला होता, हे तुम्ही विचारलंत का? नाही ना? मग तुमच्या लेखी तो साधा कप आहे. आमच्या गावात कप म्हणजे जन्माचा दाखला होता. एक कप टेबलावर मिळायचा आणि एक बाहेर वळचणीला खोचलेला असायचा. वळचणीचा कप ज्याचा त्यानं काढायचा, हात लांब करून वरून ओतलेला चहा घ्यायचा, उभ्यानं प्यायचा, स्वतः विसळायचा आणि पुन्हा तिथंच खोचायचा. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. धाडहून बुलढाण्याकडे येताना यष्टी जिथं जिथं थांबते, त्यातलं कुठलंही धरा. तुमचं स्वतःचं धरलंत तर अधिक बरं.

या गावात किसन हवालदारांनी कॉफीचं हॉटेल काढलं.

हवालदार बौद्धवाड्यातले. पलटणीत होते, बंदुकीजवळ कमी आणि मेसच्या चुलीजवळ जास्त, पण हे त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "लढाई पोटावर चालते बे जवान," असं म्हणून ते मिशीला पीळ देत. नोकरीचा बराच काळ दक्षिणेत गेला. परत येताना इतर शिपाई ट्रंका आणतात, कांबळी आणतात. यांनी निखाऱ्यावर फिरवायचं एक लोखंडी पिंप आणलं, हातानं फिरवायची एक चक्की आणली, आणि कूर्गच्या एका सोबत्याचा शब्द आणला की तो दरसाल कच्च्या दाण्यांचं पोतं मलकापूर टेसनावर पाठवील. या दाण्यांना हवालदार जुन्या शब्दानं 'बुंद' म्हणत. "कॉफी कपात असते. पोत्यात असते तो बुंद." हा शब्द लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यावरच फिरलं.

हॉटेल म्हणजे यष्टीच्या थांब्याजवळ चार बल्ल्या आणि वर पत्रे. पण पत्रे ठोकताना हवालदारांनी ते बल्ल्यांच्या बाहेर बोटभरही जाऊ दिले नाहीत. सुतार म्हणाला, "हवालदार, वळचण तं ठेवा थोडी." हवालदार म्हणाले, "वळचण ठेवली का उद्या कोणी त्यात कप खोचन. वळचणच नाई, तं कप जाईन कोठं?" पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी सरळ बाकावर बसलेल्या माणसाच्या मानेत उतरायचं. तत्त्वासाठी माणसं तुरुंगात गेलेली मी पत्रकांत वाचली होती. तत्त्वासाठी भिजलेली मी तिथं पाहिली.

निळ्या काठाचे पांढरे कप एका फळीवर ओळीनं, पलटणीसारखे. सगळे सारखे, सगळ्यांसाठी. त्यामुळे गाव समोरच्या चहाच्या हॉटेलात जायचं. हवालदारांकडे यायचे बौद्धवाड्यातले लोक, बाहेरगावचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि मी. माझं घर कुणब्याचं. मी तेव्हा बुलढाण्याला कॉलेजात नाव घालून गावभर पत्रकं वाटत फिरत असे. घरी गेलो की आई दारातच विचारायची, "कुठं पेऊन आलास?" तिला माहीत असायचं. कॉफीचा वास लपत नाही, हा त्या पेयाचा मोठाच प्रामाणिकपणा आहे.

हवालदार नम्र वगैरे अजिबात नव्हते, हे आधीच सांगतो. थापाही मारत. कॉफीनं हिवताप पळतो, डोक्यावर केस येतात आणि दुपारच्या आत प्यायली तर माणूस खोटं बोलू शकत नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. एकदा मी त्यांच्या चकचकीत डोक्याकडे पाहून म्हटलं, "काका, मग हे?"

"हे टक्कल नोय जवान. हे टोपीनं घासलं."

"आणि दुपारच्या आत खरंच बोलता?"

"आता किती वाजले?"

"अकरा."

"मंग विचारतोस कायले?"

त्यांच्या लेखी जगात माणसांच्या तीनच जाती होत्या: मैदा, भरड आणि रवाळ. मैदा म्हणजे अति बारीक. "मैदा कॉफी फडक्यातून उतरत नाई. गाळच पेतो आपण. कडू मारते." भरड म्हणजे जाडजूड. "पाणी वरून जाते आन् दाण्याले पत्ताच नाई." आणि रवाळ, म्हणजे लाडवाच्या रव्यासारखं, बोटांत चोळलं की कण कळला पाहिजे पण टोचला नाही पाहिजे. रवाळ दळण जमलं की हवालदार चिमूट हातावर घेऊन गिऱ्हाईकाला दाखवत, जसा सोनार वळं दाखवतो. येणाऱ्याजाणाऱ्याची प्रतवारीही याच मापानं चाले. तलाठी मैदा. कंडक्टर भरड. सरपंच "अजून दळायचाच हाय". माझं एक पत्रक त्यांनी पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "लई बारीक दळतोस बे तू. वाचणाऱ्याच्या गळ्यात बसते."

मी चिडलो. म्हणालो, "काका, अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला, तरी समोर वळचणीला कप आहेत. मी मऊ कसं लिहू?"

"मऊ नोको लिहू. रवाळ लिही." त्यांनी पिंपातला एक भाजलेला दाणा काढून माझ्यासमोरच्या पेलाभर पाण्यात टाकला. दाणा तरंगत राहिला. "हा पाह्य तुहा कायदा. दिल्लीत झ्याक भाजला. पण गावात कोणी दळलाच नाई. अख्खा दाणा पाण्यात टाकून कॉफी होते काय? आन् मंग लोक म्हणतात, दाणाच खराब. दळण चुकलं का भाजणी बदनाम!"

हे वाक्य ते दिवसातून कितीदा म्हणत. भाकरी करपली तरी म्हणत.

त्यांची दुसरी खोड म्हणजे आठवणीची भाजणी. गावात काही घडलं की ते त्या प्रसंगासाठी वेगळे दाणे भाजत. "आपल्यापाशी काय फोटोचा डबडा हाय? माणसाचे डोळे विसरतात. नाक विसरत नाई." मुलगी सुमन सातवीच्या फायनलला पास झाली, तेव्हा त्यांनी कोवळी, बदामी भाजणी केली. "पोरगी अजून कोवळी हाय, तशीच पाह्यजे." मलकापूरची पहिली यष्टी गावात आली, त्या दिवशी मात्र घोटाळा झाला. गाडी सकाळी येणार होती. गाडीचा भोंगा ऐकू येताच भाजणी उतरवायची, असा त्यांचा बेत. गाडी आली संध्याकाळी. तोवर हवालदार पिंप फिरवत बसले, कारण भोंग्याआधी उतरवलं तर ती यष्टीची भाजणी कशी होणार? दाण्यांचा कोळसा झाला. तीच कोळशाची कॉफी त्यांनी ड्रायव्हरला अभिमानानं पाजली. त्यानं एक घोट घेऊन विचारलं, "हे काय हाय?"

"हे तुमचा उशीर हाय," हवालदार म्हणाले.

पण हसण्यावारी सगळंच जात नव्हतं. वर्ष होत आलं तरी गाव त्या बाकावर बसेना. महाराष्ट्र राज्य होणार, पहिल्या मेला होणार, असं ठरलं आणि एका दुपारी हवालदार पिंप पुसता पुसता मला म्हणाले, "जवान, राज्याची भाजणी करतो. अख्ख्या गावाले फुकट. त्या दिशी गाव माह्या कपाले तोंड लावन तं हे हॉटेल राह्यलं. नाई लावलं तं मी सुमीले घेऊन चाललो कूर्गले. तिथं सोबत्याच्या मळ्यावर काम हाय. कप उलटे पाहून पाहून मले आता कटाळा आला."

दुपार टळून गेली होती, तरी ते खरं बोलत होते. पोतं बांधायची सुतळीही त्यांनी आणून ठेवली होती.

मी पत्रक लिहिलं. या वेळी रवाळ. "नव्या राज्याच्या स्वागतासाठी किसन हवालदार यांच्याकडे खास बुंद! जातपात न पाहता सर्वांना!" बुलढाण्याच्या छापखान्यात देऊन आलो आणि आदल्या दिवशी गठ्ठा उचलून तसाच गावोगाव वाटायला पाठवला. छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी सज्जन माणूस होता. त्याला वाटलं, पोरानं घाईत वेलांटी गाळली. त्यानं ती घातली. "नव्या राज्याच्या स्वागतासाठी किसन हवालदार यांच्याकडे खास बुंदी! जातपात न पाहता सर्वांना!" पुढे मी भांडायला गेलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बुंद काय असते भाऊ? मी सुधारून दिलं. सुधारणेचे वेगळे घेतले नाईत."

पहिल्या मेला सकाळी गाव लोटलं; तळलेल्या गोडाला विटाळ नसतो, असा गावाचा सोयीचा नियम होता. बाया, म्हातारे, पोरं; कोणाच्या हातात पितळी, कोणाकडे पातेलं, एका आजीबाईनं तर घरचं मोठं टोपलं फडकं घालून आणलं होतं. हवालदार इस्त्रीचा खाकी सदरा घालून, मिशीला तेल लावून उभे. ती गर्दी पाहून त्यांनी फळीवरचे कप भराभर सरळ केले. "जवान," ते मला म्हणाले, "गाव आलं बे!"

"हवालदार, बुंदी कोठं हाय?" टोपलंवाल्या आजीनं विचारलं.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्रक उलगडलं. ती वेलांटी माझ्याकडे पाहून हसत होती.

"बुंदी नाई! बुंद! बुंद!" हवालदार ओरडले.

"तेच तं मागू राह्यले बापा," आजी म्हणाली, "एक मूठ कमी दे, पण दे."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. बौद्धवाड्यातली माणसं मागं उभी होती. त्यांना कळत होतं, आज काय पणाला लागलंय. हवालदार फौजी आवाजात गरजले, "कोणी जाणार नाई! बुंदी गोड असते, अर्ध्या तासात विसरता. ह्या राज्याची कॉफी तुम्ही जन्मात विसरणार नाई. बसा!" आणि एवढ्या लोकांना पुरेल असं दळण करायला चक्कीवर असे तुटून पडले, की दांडा कटकन मोडून त्यांच्या हातात आला.

गर्दीतून एक जण मनसोक्त हसला. उत्तमअण्णा, गावच्या पिठाच्या गिरणीचे मालक. जोवारी असो की हळद, तालुक्यात दळणातलं आपल्याइतकं कोणाला कळत नाही, असं त्यांचं मत, आणि ते खरंही होतं. त्यातून अण्णा वेगळ्या विदर्भाचे कट्टर पुरस्कर्ते.

"अण्णा, तुम्ही कसे?" मी विचारलं. "तुमचा तर या राज्याला विरोध."

"राज्याले हाय. बुंदीले नाई," अण्णा म्हणाले. मग हवालदारांकडे वळून, "किसन, ते खेळणं ठेव बाजूले. गिरणीत आण. पाच मिन्टात मैदा करून देतो."

"मैदा नोको. रवाळ पाह्यजे."

"मले दळण शिकोतोस?"

"अण्णा, तुम्ही राजे हा दळणाचे. पण ह्या दाण्याची चव तुम्हाले ठाऊक नाई. चव घेतल्याबिगर दळण कसं ठरवसान?"

प्रश्न धंद्याचा होता आणि गाव ऐकत होतं.

गिरणी समोरच. इंजिन पुकपुकू लागलं. अण्णांनी हट्टानं पहिला घाणा मैद्यासारखा काढला. हवालदारांनी तो फडक्यात टाकून वर उकळतं पाणी ओतलं. फडकं फुगलं आणि थेंब काही पडेना. शेवटी पिळून जे निघालं ते कपात घालून, दूध-साखर टाकून त्यांनी अण्णांसमोर धरलं.

"घ्या."

"तूच सांग ना कसं झालं."

"दळणारानं चव घ्यावी. मी सांगितल्यानं तुमची जीभ शिकते काय?"

अण्णांनी कपाकडे पाहिलं, निळ्या काठाकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. इंजिन तेवढं बोलत होतं. मग अण्णांना तोड सुचली. "वरून पेतो," असं म्हणून त्यांनी मान मागं टाकली, कप वीतभर उंच धरला आणि ओतला. ओठ कपाला लागला नाही हे खरं. पण कॉफी तोंडात कमी, नाकात जास्त आणि उरलेली गळपट्टीत गेली. अण्णा नाचले. हवालदार गंभीरपणे म्हणाले, "उकळती कॉफी वरून पेणारा मर्द मी फौजेतबी पाह्यला नाई. चव कशी हाय?"

"कडू! मैदा झालं," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "दगडाचा पाट जरा उचलतो."

दुसरा घाणा भरड निघाला. आता वरून प्यायची हिंमत अण्णांत नव्हती. त्यांनी कॉफी बशीत ओतली, फुंकली आणि बशीला तोंड लावलं. कोणीतरी बोललं, "अण्णा, लागला ना ओठ!"

"हे बशी हाय," अण्णा तडकले. "नियम कपाचा हाय!"

"मले एक सांगा अण्णा," हवालदार म्हणाले. "राज्य वेगळं पाह्यजे, कप वेगळा पाह्यजे, आता बशीबी वेगळी झाली. तुमच्या घरी मीठ तरी भाजीत टाकता, का तेबी वेगळं?"

गाव हसलं. अण्णाही हसले असते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. ते जिभेनं टाळू चाटत होते. "पाणचट हाय... पण मागून कायतरी येऊ राह्यलं. लपलंय ते. थांब." आणि ते पळत गिरणीत गेले. हा आता बाटायला घाबरणारा माणूस राहिला नव्हता. दळण चुकलेला गिरणीवाला झाला होता. पाटाखाली हात धरून, पडणारी भुकटी बोटांत चोळत, पट्टा सैल-घट्ट करत त्यांनी तिसरा घाणा काढला आणि स्वतः धावत आणून हवालदारांच्या हातावर चिमूट ठेवली.

हवालदारांनी चोळून पाहिली. मग भुकटी फडक्यात टाकून वर उकळतं पाणी ओतलं. फडक्यातून सरळ, शांत धार पडली. तो वास गर्दीवरून असा फिरला की टोपलंवाल्या आजीनंही टोपलं खाली ठेवलं.

अण्णांनी कप घेतला. वरून नाही, बशीत नाही. काठाला ओठ लावून घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हाव. रवाळ."

त्यांना कळलंही नव्हतं. कळलं ते गावाला.

"उत्तम्या!" आजी ओरडली. अण्णांनी डोळे उघडले, हातातला कप पाहिला आणि पांढरे पडले. आजी पुढं आली. "तू पेला तं आम्ही काय पाप केलं? बुंदी नाई तं नाई, हे तरी दे बापा मले."

सगळं गाव प्यायलं असं मी लिहिणार नाही. खोटी पत्रकं मी लिहीत नसतो. अर्धे लोक बुंदीच्या नावानं बोटं मोडत परत गेले. काहींनी घरी जाऊन अंगावर गोमूत्र शिंपडलं. बौद्धांनी बुंदीची थाप मारून गाव बाटवलं, असं म्हणणारे आजही आहेत, आणि त्यांना माझं सांगणं आहे की वेलांटी छापखान्याची होती. पण अर्धे प्यायले. निळ्या काठाचे कप त्या दिवशी बौद्धवाड्याच्या हातातून कुणबी आळीच्या हातात आणि आळीतून परत, विसळायलाही न थांबता फिरले. संध्याकाळी हवालदारांनी पोतं बांधायची सुतळी घेतली आणि मोडक्या चक्कीच्या दांड्याला गुंडाळली.

दुसऱ्या दिवसापासून उत्तमअण्णा रोज सकाळी हॉटेलात. कोणी टोकलं की म्हणत, "मी कॉफी पेत नाई. दळण तपासतो." हे तपासणं काही वर्षं चाललं. वेगळा विदर्भ त्यांनी सोडला नाही. त्यावर हवालदारांशी रोज भांडण व्हायचं, एकाच बाकावर, आणि पावसाळ्यात दोघांच्याही मानेत सारखंच पाणी पडायचं.

मी हवालदारांना शेवटचं पाहिलं ते त्याच थांब्यावर. सुमनला साखरखेर्ड्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून नोकरी लागली होती आणि ती बापाला घेऊन निघाली होती. हवालदार गाडीत खिडकीशी बसलेले, मांडीवर ते लोखंडी पिंप, कडेवरच्या लेकरासारखं. कप मात्र त्यांनी अण्णांकडे ठेवले होते. कंडक्टर घंटी मारणार, तेवढ्यात अण्णा धावत आले. हातात एक कप.

"किसन, थांब! तुह्या जाण्याची भाजणी केली. म्या सोता."

हवालदारांनी खिडकीतून हात काढून कप घेतला. हुंगला. "जळली," ते म्हणाले.

"पे तं खरी."

त्यांनी अर्धा कप संपवला. मिशी पुसली. उरलेल्या कॉफीसकट कप परत केला. गाडी हलली. "रवाळ ठेवजो अण्णा! रवाळ!" एवढंच धुळीतून ऐकू आलं.

अण्णा रस्त्यात उभे होते. हातातला कप त्यांनी तोंडाला लावला, हवालदारांनी जिथं ओठ टेकवले होते तिथंच, आणि उरलेली कॉफी सावकाश पिऊन टाकली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "भाजणी जळली. पण दळण बरोबर हाय."

आमच्या गावातल्या त्या समोरच्या चहाच्या हॉटेलाची वळचण अजून आहे. म्हणून वाचणाऱ्या बंधूंनो, भगिनींनो, तुम्हांला एकच विनंती. टाळ्या नकोत, निषेधाचा ठरावही नको. उद्या सकाळी आपल्या गावच्या हॉटेलात जा. आत शिरण्याआधी मान वर करून वळचण पाहा. तिथं कप खोचलेला दिसला, तर तो काढा, आत न्या, टेबलावर ठेवा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, "मला यात द्या." पण वरून पिऊ नका. ओठ लावून प्या.